घरांतील यंत्रविद्या : सुरू होतांच मिटणारा संगणक

घरांतील एखादें यंत्र बंद पडलें म्हणजे आपल्याकडे प्रथम जो प्रश्न निघतो तो "काय बिघडलें?" असा नसतो, "शेवटीं हात कोणी लावला होता?" असा असतो. शिवणयंत्राची सुई मोडो, मिक्सरमधून जळका वास येवो, कीं बाहेरच्या खोलींतील संगणक अंधारून जावो. कारण शोधण्यापूर्वी अपराधी शोधला जातो. आणि एकत्र कुटुंबांत हा अपराधी बहुधा वयानें सर्वांत लहान, नाहीं तर घरांत सर्वांत नवीन आलेलें माणूस ठरतें. ही संवय मोडण्याचा उत्तम अभ्यास ज्यांत घडतो असा विषय या महिन्यांत आम्ही मुद्दाम घेतला आहे. तो म्हणजे बटण दाबल्याबरोबर सुरू होणारा आणि कांहीं क्षणांतच आपोआप बंद होणारा टेबलावरील संगणक.

समजा, इचलकरंजींतील एका घराचें चित्र आपण डोळ्यांपुढें आणलें. तीन भावांचें एकत्र कुटुंब. घराच्या पुढील भागांत सुताच्या व्यवहाराची बैठक, मागील बाजूस यंत्रमागांची शेड. बैठकींत एक संगणक आहे. थोरल्या भावाचे सुताचे आणि कापडाचे हिशेब त्यांत आहेत. आजोबांनीं आठ वर्षें खपून लिहिलेला कुलवृत्तांत त्यांत आहे. घरांतील लग्नामुंजींचीं छायाचित्रें त्यांत आहेत, आणि धाकट्या कन्येचा महाविद्यालयांतील प्रबंधहि त्यांतच आहे. एके दिवशीं सकाळीं बटण दाबलें. दिवा लागला, पंखा फिरला, आणि सर्व कांहीं शांत झालें. पुनः दाबलें, पुनः तेंच. दहा मिनिटांत घरांतील प्रत्येकानें येऊन एकेकदां बटण दाबून पाहिलें. मग आदल्या रात्रीं त्यावर चौदा वर्षांचा पुतण्या बसला होता, हें कोणास तरी आठवलें आणि निकाल लागला. संध्याकाळीं बाजारांतील एका ओळखीच्या माणसानें पेटी न उघडतांच सांगितलें, "मदरबोर्ड गेला. नवाच घ्या." म्हणजे एका दिवसांत दोन निकाल लागले, आणि दोन्हींतहि पुरावा कोणी पाहिला नाहीं!

असें घर केवळ इचलकरंजीसच असतें असें नाहीं. पुणें, सांगली, बेळगांव, कोठेंहि हेंच चालतें. पण इचलकरंजी हें गांव आम्ही सहेतुक निवडलें आहे. कारण आपोआप बंद पडणाऱ्या यंत्राचा अर्थ काय, हें त्या गांवाइतकें चांगलें दुसऱ्या कोणत्याहि गांवास ठाऊक नसेल.

बंद पडणें हा रोग, कीं रक्षण?

पंचगंगेच्या कांठच्या या जहागिरीच्या गांवीं श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनानें विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं पहिला यंत्रमाग बसविला. तेव्हांपासून गांवाचें सर्व जीवित मागाच्या ठेक्यावर चालत आलें. आतां साध्या यंत्रमागांतहि एक फार शहाणी योजना असते. धोट्यांतून येणारा बाण्याचा धागा तुटला किंवा कांडी संपली, तर एका लहानशा कांट्यास धाग्याचा आधार मिळत नाहीं, आणि तो माग थांबवितो. ही योजना नसती तर माग रिकामाच खटखटत राहिला असता आणि कापडांत वितीवितीचीं भगदाडें पडलीं असतीं. जपानांतील साकिची टोयोडा यांनीं १८९६ सालीं बनविलेल्या यंत्रमागांत बाण्याचा धागा तुटतांच थांबण्याची सोय होती. १९२४ सालच्या त्यांच्या स्वयंचलित मागांत ताण्याचा धागा तुटला तरी माग थांबे. त्या मागाच्या स्वामित्वहक्काची विक्री १९२९ सालीं विलायतेंतील प्लॅट ब्रदर्स या कंपनीस झाली, आणि टोयोडा घराण्याचा मोटारींचा उद्योग पुढें त्याच कारखान्यांतून उभा राहिला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे.

आपोआप थांबलेल्या मागाकडे पाहून अनुभवी जॉबर "माग मेला" असें म्हणत नाहीं. धागा कोठें तुटला तें तो आधीं पाहतो. तसेंच, थांबलेला माग दांडा ओढून पुनःपुनः चालूं करीत बसणाऱ्या नवशिक्यास तो दटावतो. कारण धागा न जोडतां माग चालविणें म्हणजे नुकसान वाढविणें.

संगणकाचें अगदीं असेंच आहे. सुरू होतांच बंद होणें हा पुष्कळदां मूळ रोग नसून रोगापासून यंत्राचें रक्षण करणारी योजनाच असते. संगणकाच्या पेटींत असे पहारेकरी मुख्यतः दोन आहेत, आणि ते कसे काम करतात तें समजलें कीं निम्मी दुरुस्ती झाली.

पहिला पहारेकरी म्हणजे वीज पुरविणारा पत्र्याचा चौकोनी डबा. दुकानदार त्यास एस्. एम्. पी. एस्. म्हणतात. भिंतींतून येणारी २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज घेऊन हा डबा तिचें १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकाच दिशेनें वाहणाऱ्या विजेंत रूपांतर करतो. आज घरोघरीं दिसणाऱ्या बहुतेक टेबलावरील संगणकांची मांडणी इंटेल कंपनीनें १९९५ सालीं ठरविलेल्या पद्धतीवर आधारलेली आहे. तींत आपण बटण दाबतों तेव्हां दिव्याच्या खटक्याप्रमाणें वीज सरळ सुरू होत नाहीं. मदरबोर्ड त्या डब्याला "आतां सुरू हो" असा निरोप पाठवितो. डबा सर्व दाब उभे करतो, ते ठरलेल्या मर्यादेंत, म्हणजे शेंकडा पांच कमीजास्त यांच्या आंत, आहेत कीं नाहींत तें पाहतो, आणि सर्व ठीक असेल तर साधारण अर्ध्या सेकंदाच्या आंत "क्षेम आहे" असा उलट निरोप देतो. तो निरोप मिळेपर्यंत प्रोसेसर आपलें काम सुरू करीतच नाहीं. कोठें दोन तारा एकमेकींस भिडल्या असतील, किंवा एखादा भाग मर्यादेबाहेर वीज ओढूं लागला, तर हा डबा तत्क्षणीं स्वतःस मिटून घेतो. तसें न करील तर तार जळेल.

दुसरा पहारेकरी खुद्द प्रोसेसरमध्यें बसलेला आहे. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. बोटाच्या पेरांएवढ्या जागेंत तो एवढें काम करतो, कीं त्याची उष्णता सतत काढून न नेल्यास तो कांहीं सेकंदांतच होरपळेल. म्हणून त्याच्या डोक्यावर धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा आणि त्यावर पंखा बसविलेला असतो. प्रोसेसर तापूं लागला म्हणजे प्रथम तो आपली गति कमी करतो. आणि तरीहि उष्मा वाढतच जाऊन शंभर अंश सेल्सिअसच्या आसपासची त्याची मर्यादा ओलांडली, तर यंत्र बंद करवितो.

तेव्हां वाचकांनीं पहिला नियम हा ध्यानांत धरावा : यंत्र आपण होऊन दोनदां बंद झालें, तर तिसऱ्यांदा बटण दाबूं नये. पहारेकरी ओरडत असतां त्यास ढकलून आंत शिरण्यांत शहाणपणा नाहीं.

सेकंद मोजावे

वैद्य नाडी पाहतो. येथें आपण घड्याळ पाहावें. बटण दाबल्यापासून यंत्र मिटेपर्यंत किती सेकंद गेले, तें एका माणसानें मोजावें आणि दुसऱ्यानें वहींत लिहावें. एवढ्या एका मोजणीनें पुष्कळ निवाडा होतो.

पंखा किंचित हलून एका सेकंदाच्या आंतच थांबत असेल, तर पहिला पहारेकरी जागा झाला आहे असें समजावें. म्हणजे कोठें तरी वीज वाट सोडून वाहत आहे, किंवा तो डबाच अशक्त झाला आहे.

यंत्र दोनतीन सेकंद चालून थांबतें, आपोआप पुनः सुरू होतें, पुनः थांबतें, असें चक्र चाललें असेल, तर प्रोसेसरला वीज देणारी स्वतंत्र तार सुटलेली असणें, रॅमची पट्टी नीट न बसणें, किंवा मदरबोर्डाचा दोष, यांपैकीं कांहीं तरी असूं शकतें. येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नव्या पद्धतीच्या कांहीं यंत्रांत रॅम बदलल्यानंतर पहिल्यानें यंत्र एकदोनदां आपोआप बंद होऊन सुरू होतें आणि कांहीं मिनिटें पडद्यावर कांहींहि दिसत नाहीं. तो दोष नव्हे. यंत्र नव्या रॅमची ओळख करून घेत असतें. अशा वेळीं पांच-दहा मिनिटें धीर धरावा.

दर वेळीं न चुकतां सुमारें चार सेकंदांनींच यंत्र बंद होत असेल, तर बटणाकडेच पाहावें. चालू संगणकाचें बटण चार सेकंद दाबून धरलें असतां तो सक्तीनें बंद व्हावा, अशी मूळचीच योजना आहे. बटण धुळीनें किंवा चिकटपणानें आंतच रुतून बसलें, तर संगणकाच्या दृष्टीनें कोणी तरी तें दाबूनच धरलें आहे, आणि तो आज्ञाधारकपणानें बंद होतो. अशा क्षुल्लक कारणासाठीं नवीन यंत्र घेणें म्हणजे दाराची कडी अडली म्हणून घर विकण्यासारखें आहे.

दहा सेकंदांपासून एकदोन मिनिटांपर्यंत यंत्र चालत असेल, पंखा मोठ्यानें घोंघावत असेल, आणि दर खेपेस तें आधींच्यापेक्षां लवकर बंद होत असेल, तर उष्णतेचा संशय धरावा. खात्री करून घेण्यास एक सोपी कसोटी आहे. यंत्र अर्धा तास स्वस्थ राहूं द्यावें आणि मग सुरू करावें. विश्रांतीनंतर तें अधिक वेळ टिकलें, तर संशय दृढ झाला असें समजावें.

आतां, यंत्र नीट सुरू होऊन विंडोज उघडण्याच्या सुमारास बंद पडत असेल, तर आणखी एक कसोटी करावी. सुरू करतांना कळ दाबून यंत्राच्या मूळ मांडणीचा पडदा उघडतां येतो. ती कळ बहुतेक यंत्रांत डिलीट किंवा एफ्-दोन ही असते. तो पडदा उघडून यंत्र दहा मिनिटें तसेंच ठेवावें. बहुतेक यंत्रांत तेथें प्रोसेसरचें तपमानहि दिसतें. येथें तें स्थिर राहिलें, आणि विंडोज उघडूं लागतांच मिटलें, तर दोष कार्यक्रमांचा, तबकडीचा, किंवा अधिक भार पडतांच हार खाणाऱ्या वीजडब्याचा असूं शकतो. येथेंहि तें मिटलें, तर विंडोजला दोष देण्याचें कारण उरत नाहीं.

आणि पडदा काळा आहे पण पेटींतील पंखा फिरतोच आहे, असें असेल तर तो हा विकारच नव्हे. तेव्हां पडद्याची तार आणि पडद्याची वीज पाहावी.

प्रथम बाहेर पाहावें

पेटी उघडण्याची घाई करूं नये. यंत्रमागांच्या गांवीं विजेची स्थिति सर्वकाळ सारखी नसते. विजेची मोटार सुरू होतांना ती आपल्या नेहमींच्या मानापेक्षां पांच-सहा पटींनीं अधिक वीज क्षणभर ओढते. शेजारच्या शेडमधील अनेक माग एकदम चालूं झाले, कीं त्या तारेवरील दाब क्षणभर उतरतो. दिवे मंदावतात तें याच कारणानें. अशक्त झालेल्या वीजडब्यास हा एक क्षणहि सोसत नाहीं. म्हणून यंत्र केव्हां बंद पडतें, सकाळीं पाळी सुरू होतांना कीं रात्रींहि, हें वहींत टिपून ठेवावें.

मग यंत्राची तार वाढीव बोर्डांतून काढून भिंतींतील दुसऱ्या चांगल्या खटक्यास थेट लावून पाहावी. मध्यें यू. पी. एस्. असेल तर तो वगळून पाहावा. त्यांतील बॅटरी साधारण तीन-चार वर्षांनीं थकते, आणि थकलेली बॅटरी भार पडतांच मान टाकते. दोष यंत्राचा नसून टेकूचा असतो. लेसर छपाईयंत्र यू. पी. एस्.वर केव्हांहि लावूं नये. तें तापतांना इतकी वीज ओढतें, कीं लहान यू. पी. एस्. तेथेंच बसतो. पेटीस हात लावल्यावर अंगांत मुंग्या आल्यासारखें वाटलें, तर पुढील सर्व तपास थांबवावा आणि वायरमनकडून घराचें अर्थिंग आधीं तपासून घ्यावें. ही गोष्ट संगणकापेक्षां माणसाच्या जिवाची आहे.

त्यानंतर पडदा, कळफलक आणि माउस यांखेरीज छपाईयंत्र, पेनड्राइव्ह, ध्वनिक्षेपक, मोबाइलची तार, सर्व कांहीं काढून घ्यावें. यू. एस्. बी.च्या एखाद्या खांचेंतील बारीक पितळी पात वांकून दुसरीस टेकलेली असते, आणि तेवढ्यानेंहि सर्व यंत्र मिटूं शकतें. खांचांत विजेरीचा प्रकाश टाकून पाहावें. तेथें टांचणी किंवा सुई घालूं नये.

मग पेटी उघडावी

पेटी उघडण्यापूर्वी भिंतींतील खटका बंद करून तार काढून घ्यावी, आणि बटण एकदां दाबून आंत राहिलेली वीज जाऊं द्यावी. अंगावर रेशमी किंवा नायलॉनचें वस्त्र असूं नये. आंत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूस बोट लावावें, म्हणजे अंगांतील स्थिर वीज निघून जाते. आणि एक गोष्ट निक्षून सांगतों : वीजपुरवठ्याचा डबा घरीं कोणीहि उघडूं नये. तार काढल्यानंतरहि त्याच्या आंत सुमारें सव्वातीनशें व्होल्टचा साठा कांहीं काळ राहूं शकतो. तेथील काम तज्ज्ञाचें आहे.

पेटी उघडल्यावर इचलकरंजींत प्रथम काय दिसतें, हें सांगण्यास ज्योतिषी नको. ताण्यास खळ लावलेली असते. माग चालूं असतां त्या खळीची पूड आणि कापसाचे बारीक तंतू हवेंत उडत राहतात. संगणकाचा पंखा ही हवा सारखी आंत ओढतो, आणि ते तंतू पंख्याच्या खालीं, धातूच्या पात्यांवर बसत जातात. पावसाळ्याच्या ओलसर हवेंत ते चिकटतात. वर्षा-दोन वर्षांत तेथें रजईच्या अस्तरासारखा एक जाड थर तयार होतो. वरून पाहतां पंखा स्वच्छ दिसतो आणि जोरानेंहि फिरतो. पण वारा पात्यांपर्यंत पोंचतच नाहीं. उन्हाळ्यांत कांबळें पांघरून धांवणाऱ्या माणसाची जी गत, ती या प्रोसेसरची होते. घराघरांत माग चालणाऱ्या मालेगांव, भिवंडी यांसारख्या गांवींहि हाच अनुभव येईल; इतर ठिकाणीं रस्त्याची धूळ आणि स्वयंपाकघरांतील तेलकट वाफ हेंच काम करतात.

हा थर रंगाच्या कोरड्या मऊ कुंचल्यानें आणि हवेच्या फुंकणीनें काढावा. हवा मारतांना पंखा बोटानें धरून ठेवावा. तो वाऱ्यानें वेगानें फिरल्यास त्याचें धारवें खराब होतें. ओलें फडकें वापरूं नये. घरझाडणीच्या ओढयंत्राची नळी आंतील भागांजवळ नेऊं नये. तिच्यामुळें स्थिर वीज उत्पन्न होते. काम घराबाहेर, अंगणांत करावें, आणि नाकावर रुमाल बांधावा. दम्याचा विकार असलेल्यांनीं दूर राहावें हें बरें.

पुढें पंख्याचा ठोकळा चारी कोपऱ्यांनीं घट्ट बसला आहे कीं नाहीं तें पाहावें. त्याचा एक पाय जरी निसटला, तरी धातू आणि प्रोसेसर यांत फट पडते आणि यंत्र काही सेकंदांतच तापतें. मध्यें जो लेप असतो तो वर्षांनीं सुकून भेगाळतो. ठोकळा उचललाच, तर जुना लेप पूर्ण पुसून नवा लावल्याशिवाय तो परत बसवूं नये. तुरीच्या दाण्याएवढा लेप पुरतो. अधिक थापल्यानें गारवा अधिक येत नाहीं.

मग तारांकडे वळावें. मदरबोर्डास दोन ठिकाणीं वीज मिळते : एक चोवीस दांत्यांचा रुंद जोड, आणि प्रोसेसरजवळ चार किंवा आठ दांत्यांचा दुसरा. हा दुसरा जोड कोपऱ्यांत असल्यामुळें पुष्कळदां विसरला जातो किंवा अर्धवट बसतो. दोन्ही काढून घट्ट बसवावे. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा पेन्सिलीच्या स्वच्छ खोडरबरानें हलकेंच पुसाव्या, रबराचे कण झटकावे, आणि दोन्ही बाजूंचे चाप बसेपर्यंत त्या परत दाबाव्या. शेवटीं मदरबोर्डावरील लहान लहान नळकांडीं पाहावीं. त्यांचीं डोकीं सपाट असावीं. तीं फुगलेलीं असतील किंवा त्यांतून तपकिरी पाझर दिसेल, तर तो भाग निकामी होत चालला आहे. साधारण १९९९ ते २००७ या काळांत जगभर बनलेल्या अनेक यंत्रांत सदोष नळकांडीं गेलीं होतीं. कपाटांत ठेवलेलें तेव्हांचें जुनें यंत्र पुनः काढलें असेल, तर हें अवश्य पाहावें.

एका वेळीं एकच

एवढ्यानें गुण न आला, तर यंत्र अगदीं मोजक्या अवयवांवर आणावें. मदरबोर्ड, प्रोसेसर व त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी आणि वीजडबा, एवढेंच ठेवून बाकी सर्व, तबकड्यासुद्धां, सोडवून ठेवावें. इतक्यावर यंत्र टिकून राहिलें, तर एकेक अवयव जोडीत जावें आणि प्रत्येक जोडणीनंतर तार काढून-लावून पुनः सुरू करून पाहावें. ज्याच्या जोडणीनें यंत्र मिटलें तो दोषी. मोजक्या अवयवांवरहि तें मिटत असेल, तर रॅमची दुसरी पट्टी, मग दुसऱ्या चालत्या यंत्रांतील तितक्याच शक्तीचा वीजडबा, या क्रमानें पालट करावा. मदरबोर्डाच्या पाठीमागें एखादा सुटा स्क्रू अडकलेला असल्यासहि यंत्र क्षणांत मिटतें, हें विसरूं नये. या सर्वांनंतरहि जें उरतें तें मदरबोर्ड किंवा प्रोसेसर. म्हणजे "मदरबोर्ड गेला" हें वाक्य उच्चारण्याचा अधिकार तपासाच्या शेवटीं प्राप्त होतो, आरंभीं नव्हे.

एका वेळीं एकाहून अधिक गोष्टी बदलूं नयेत. तिन्ही एकदम बदलल्या आणि यंत्र चाललें, तर खर्च तिहींचा होतो आणि ज्ञान एकाचेंहि होत नाहीं.

महापुराच्या गांवांसाठीं एक शब्द वेगळा. २०१९ आणि २०२१ सालच्या पुरांत पंचगंगेचें पाणी पुष्कळ घरांत शिरलें. पाण्यांत सांपडलेलें यंत्र "चालतें कां पाहूं" म्हणून कधींहि सुरू करूं नये. तें जसेंच्या तसें जाणत्या कारागिराकडे द्यावें, आणि त्यास आधीं सांगावें कीं तें भिजलें आहे.

खरें धन कोठें आहे?

आतां, घरांतील मंडळींस खरी चिंता यंत्राची नसते. आजोबांच्या आठ वर्षांच्या लेखनाचें काय झालें, ही ती चिंता असते. आणि पुतण्यावरील रागाचें मूळहि तेथेंच असतें. तेव्हां हें स्पष्ट सांगावयास पाहिजे, कीं सुरू होतांच यंत्र मिटलें म्हणून आंतील लेखन नाहीसें होत नाहीं. तें एका वेगळ्या तबकडींत किंवा पट्टींत असतें; मदरबोर्ड जळला तरी ती बहुधा सुरक्षित राहते. ती काढून दुसऱ्या यंत्रास जोडतां येते आणि त्यांतील सर्व कांहीं उतरून घेतां येतें. मात्र तबकडी कुलूपबंद पद्धतीनें सांकेतिक केलेली असेल, तर तिची किल्ली म्हणजे तो लांबलचक आंकडा हाताशीं असावा लागतो. तो आधींच कागदावर लिहून कपाटांत ठेवावा. उलट, वारंवार बटण दाबून लेखन चाललें असतांनाच वीज तोडीत राहिल्यास कांहीं कागद खरोखरच बिघडूं शकतात. म्हणजे घरांतील ज्या दहा जणांनीं मागाहून येऊन बटण दाबून पाहिलें, त्यांनीं आदल्या रात्रीं शांतपणें बसलेल्या मुलापेक्षां अधिक धोका पत्करला.

कारागिराकडे यंत्र नेतांना वहींतील टिपण बरोबर न्यावें : किती सेकंदांनीं बंद होतें, विश्रांतीनंतर काय होतें, कोणती तार वगळून पाहिली. चांगला कारागीर अशा गिऱ्हाइकाचा आदर करतो. दुरुस्तीस देण्यापूर्वी त्यास दोन गोष्टी सांगाव्या. तबकडी पुसूं नये, ही पहिली. आणि बदललेला जुना भाग परत द्यावा, ही दुसरी. "नवाच घ्या" असें तो म्हणाल्यास, कोणता भाग, कोणत्या कसोटीनें दोषी ठरला, हें नम्रपणें विचारावें. उत्तर मिळालें तर विश्वास ठेवावा. न मिळाल्यास दुसऱ्याचें मत घ्यावें. आपण डॉक्टरांच्या बाबतींत तेंच करतों.

आणि यंत्र परत आल्यावर घरांत दोन नेम घालून घ्यावे. दर चार महिन्यांनीं, माग जवळ असल्यास दर दोन महिन्यांनीं, पेटींतील धूळ काढावी. दसऱ्याला शस्त्रांची पूजा करतांना यंत्रालाहि फूल वाहतात, पण त्यास फुलापेक्षां कुंचल्याची गरज अधिक असते. दुसरा नेम असा, कीं दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं महत्त्वाच्या सर्व लेखनाची प्रत बाहेरील तबकडीवर घ्यावी, आणि आणखी एक प्रत दुसऱ्या गांवच्या आप्ताकडे किंवा दूरच्या साठवणींत ठेवावी. पूर्वीं जमिनीचे कागद एकाच पेटींत कोणी ठेवीत नसे. कुलवृत्तांत त्याहून कमी मोलाचा नाहीं.

ही दोन्ही कामें घरांतील मुलांवर सोंपवावीं असें आम्हांस वाटतें. ज्या मुलास यंत्राला हात लावल्याबद्दल केवळ बोलणीं बसतात, तो पुढच्या वेळीं बिघाड लपवितो. आणि लपविलेला बिघाड हा सर्वांत महाग बिघाड होय. ज्याच्या हातीं कुंचला, वही आणि जबाबदारी दिली, तो आवाज बदललेला पंखा मोठ्यांच्या आधीं ओळखतो आणि आपण होऊन येऊन सांगतो. इचलकरंजींतील किती तरी घरांत मागाचें ज्ञान बापाकडून मुलाकडे असेंच, शेडमध्यें उभें राहून, तुटलेला धागा हातांत घेऊन आलें आहे. तुटलेला धागा प्रथम शोधावा, मग जोडावा, आणि माग चालूं करावा. तो कोणाच्या पाळींत तुटला, हा प्रश्न सर्वांत शेवटचा. आणि धागा जोडून झाल्यावर तो विचारण्याची गरज बहुधा उरत नाहीं.